मधल्या मतदाराने काय मागावं?

(चेन्नईतील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वाद आवडे आणि भांडण आवडत नसे, असं संयोजकांनी मला सांगितलं. त्या भरवशावर राजकारणाचा विषय घेतला आहे. माझं मत दक्षिण चेन्नईत आहे, नातेवाइकांची मतं महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे दोन्हीकडची उदाहरणं येतील.

विषय मधल्या मतदाराचा. द्रमुक सरकारने शाळांतून सुरू केलेली सकाळची न्याहारी या मतदाराला मनापासून पटते. पण करुणानिधी, मग स्टालिन, मग उदयनिधी ही ओळ पटत नाही. जयललितांनी घरोघर पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती केली तेव्हा त्याने कुरकुरत नळ्या बसवल्या आणि विहिरीला पाणी चढल्यावर बाईंना दुवा दिला. पण मंत्र्यांनी त्यांच्यापुढे घातलेली लोटांगणं पाहून तोच ओशाळला. दिल्लीच्या सरकारने मोबाइलवरून पैसे देण्याची जी सोय केली ती तो चहाच्या टपरीपासून औषधाच्या दुकानापर्यंत वापरतो. पण हिंदीची घाई आणि धर्मावरून चढणारा आवाज त्याला नको आहे. कुठल्याही पक्षाच्या सभेत पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत टाळी वाजवणं त्याला जमत नाही. दर निवडणुकीत तो ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणत एक बटण दाबतो, नाहीतर सरळ घरी बसतो. २०२४च्या लोकसभेला तामिळनाडूत सत्तर टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, तेव्हा आमच्या दक्षिण चेन्नईत ते जेमतेम ५४ टक्के होतं. सुशिक्षित, पगारदार, पेपर वाचणारी वस्ती ती हीच.

त्याचा वैताग खोटा नाही, हे आधी मान्य करू.

मराठी माणसाच्या जिव्हाळ्याच्या तंजावरपासूनच सुरुवात करतो. व्यंकोजीराजांची राजधानी, सरफोजींचं सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास यांसाठी आपण तिथे जातो. त्याच तंजावरची आणि अरवकुरिचीची विधानसभा निवडणूक मे २०१६मध्ये निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली, कारण मतदारांना पैसे वाटण्याचा प्रकार हाताबाहेर गेला होता. नोव्हेंबरमध्ये तिथे पुन्हा मतदान झालं आणि दोन्ही मोठ्या पक्षांनी पुन्हा तेच उमेदवार उभे केले! पुढच्या वर्षी जयललितांच्या निधनाने मोकळ्या झालेल्या आर. के. नगरची पोटनिवडणूक याच कारणाने रद्द झाली. २०१९मध्ये वेल्लोरची लोकसभा निवडणूकही थांबवली गेली. आर. के. नगरला डिसेंबरात पुन्हा मतदान झालं तेव्हा वीस रुपयांच्या नोटांची चर्चा होती. नोट हातात द्यायची, तिचा क्रमांक टिपून ठेवायचा आणि निकालानंतर ती दाखवणाऱ्याला उरलेली रक्कम द्यायची, असा आरोप होता. खरंखोटं बाजूला ठेवा. गल्लीतल्या कुणालाही तो आरोप अशक्य वाटला नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं.

आता आपल्या शहराचं पाहा. चेन्नई महापालिका १६८८ सालची, देशातली सर्वांत जुनी. ऑक्टोबर २०१६मध्ये सभागृहाची मुदत संपली. अण्णाद्रमुकचं सरकार होतं, द्रमुकच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने निवडणुकीची अधिसूचना रद्द केली आणि मग दर वेळी काहीतरी नवीन निघत गेलं. कधी प्रभागांची फेररचना, कधी आरक्षण, कधी महामारी. निवडणूक झाली ती फेब्रुवारी २०२२मध्ये. २०१९च्या उन्हाळ्यात तलाव कोरडे पडले, रात्री दोनला उठून टँकरची वाट पाहावी लागत होती, तेव्हा आपल्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. करोनातही नव्हता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ला संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले. एका सरकारने प्रभाग २२७चे २३६ केले, दुसऱ्याने पुन्हा २२७ केले. दोन्ही शहरांत सत्तेवरचे आणि विरोधातले एकमेकांवर तुटून पडत होते, पण सभागृह रिकामं राहण्याबद्दल कुणाचीच तक्रार फार दिवस टिकली नाही.

महाराष्ट्रातल्या माझ्या नातेवाइकांची गोष्ट तर याच्याही पुढची. २०१९मध्ये युतीचा उमेदवार म्हणून ज्याने शिवसेनेला मत दिलं, त्याचा आमदार त्याच वर्षी राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या शेजारी जाऊन बसला. त्याआधी एका पहाटे राजभवनावर वेगळीच शपथ होऊन चार दिवसांत विरली होती. जून २०२२मध्ये तो आमदार बहुधा पुन्हा भाजपकडे वळला. जुलै २०२३मध्ये ज्यांच्याविरुद्ध मत दिलं त्यांच्यातलेच अजित पवार त्याच मंत्रिमंडळात आले. चिन्हांचे निकाल आयोगाने दिले, बाकीचे न्यायालयाने आणि विधानसभेच्या अध्यक्षांनी. मतदाराच्या बोटाला शाई मात्र एकदाच लागली होती.

आश्वासनांचाही असाच लिलाव. २०२१मध्ये इथे एका पक्षाने गृहिणीला महिना १,००० रुपये म्हटलं, दुसऱ्याने १,५००. २०२४मध्ये महाराष्ट्रात सत्ताधाऱ्यांनी १,५०० सुरू केले, २,१००चा शब्द दिला, विरोधकांनी ३,००० म्हटलं. बाईच्या हातात पैसे पडण्याला माझा विरोध नाही. पण आकडा कुठून आला आणि त्यासाठी काय मागे पडणार, हे विचारणाऱ्याला दोन्हीकडचे लोक गरिबांचा वैरी ठरवतात.

या सगळ्यावर मधल्या माणसाचा ठरलेला उतारा एकच: तिसरा पक्ष हवा. स्वच्छ, समंजस, आपल्यासारखा. हा प्रयोग झालेला नाही असं कुणी समजू नये. तो याच शहरात आणि भारतातल्या सर्वांत बुद्धिमान माणसांपैकी एकाच्या हातून झाला आहे.

जानेवारी १९५९मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. राजाजी तेव्हा ऐंशीचे. गव्हर्नर जनरल, केंद्रीय गृहमंत्री, मुख्यमंत्री सगळं होऊन चुकलं होतं. त्या वयात त्यांनी काँग्रेसविरुद्ध कंबर कसली. जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये मुंबईत पहिलं अधिवेशन भरलं. बरोबर मिनू मसानी आणि एन. जी. रंगा होते. लायसन्स-परमिटच्या राज्याला विरोध, मालमत्तेच्या हक्काचं रक्षण आणि खासदाराला सद्सद्विवेकाने मत देण्याची मुभा, असा पक्षाचा एकंदर बाज. जे. आर. डी. टाटांनी पंडित नेहरूंना कळवून या पक्षाला देणगी दिली. १९६२मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७मध्ये ४४. म्हणजे तेव्हाचा सर्वांत मोठा विरोधी पक्ष. पण त्या जागांचा तपशील पाहिला की गंमत कळते. मुंबई-मद्रासच्या पेपर वाचणाऱ्यांनी पक्षाला विचार दिला; मतं मोठ्या प्रमाणात आणली ती ओरिसा, राजस्थान, गुजरातच्या संस्थानिकांनी आणि जमीनदारांनी.

मद्रासमध्ये राजाजींनी १९६७ साली द्रमुकच्या अण्णादुराईंशी हातमिळवणी केली. काँग्रेस पडली. द्रमुकला मात्र एकट्याच्याच बळावर बहुमत मिळालं, राजाजींची गरज उरली नाही. चारच वर्षांनी ते जन्मभराच्या प्रतिस्पर्ध्याबरोबर, कामराजांबरोबर उभे राहिले आणि दोघेही वाहून गेले. त्याच १९७१मध्ये करुणानिधींनी दारूबंदी उठवली. सालेममध्ये १९३७ साली ती पहिल्यांदा आणली होती राजाजींनीच. ते स्वतः करुणानिधींच्या घरी जाऊन विनवणी करून आले, उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी ते गेले, १९७४मध्ये पक्ष विसर्जित झाला. आज गल्लीच्या तोंडाशी ‘टास्मॅक’चं सरकारी दुकान आहे. तिथली किरकोळ विक्री २००३मध्ये अण्णाद्रमुकच्या सरकारने ताब्यात घेतली, २०१६मध्ये दोन्ही पक्षांनी दारूबंदीचं वचन दिलं, दोन्हींनी थोडी थोडी दुकानं बंद केली आणि बाकीची दोघांच्याही राजवटीत चालू राहिली.

त्यानंतरचे प्रयोग भराभर सांगतो. विजयकांत २००५मध्ये आले, पुढच्या वर्षी आठ टक्क्यांवर मतं आणि स्वतःची एक जागा. २०११ला अण्णाद्रमुकच्या सोबतीने २९ आमदार, २०१६ला शून्य. आपले गायकवाड, म्हणजे रजनीकांत, २०१७च्या शेवटच्या दिवशी येतो म्हणाले आणि २०२०च्या शेवटच्या आठवड्यात येत नाही म्हणाले. कमल हासन यांनी २०१८मध्ये पक्ष काढला. २०१९मध्ये चेन्नईच्या मतदारसंघांत त्यांना दहा टक्क्यांहून अधिक मतं पडली, ती बहुतेक आपल्यासारख्यांची. २०२१ला ते कोइम्बतूर दक्षिणेत १,७२८ मतांनी पडले आणि २०२५मध्ये द्रमुकच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले. २०२४मध्ये अभिनेते विजय यांचा पक्ष आला. त्यावर आज मी बोलत नाही.

हे सगळे अपयशी का ठरले? माणसं वाईट होती, असं नाही. मधल्या मतदाराची मतं ही निरनिराळ्या प्रश्नांवरच्या निवाड्यांची बेरीज असते. न्याहारी हवी, घराणं नको, आरक्षण हवं, लोटांगण नको. अशा बेरजेतून झेंडा तयार होत नाही. पक्षाला मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला उठून बूथवर बसणारा माणूस लागतो. तो माणूस रागाने, जातीने, भाषेने, भक्तीने किंवा पैशाने येतो. निवाड्याने क्वचित येतो. म्हणून मधला पक्ष मोठा होऊ लागला की त्याला यांपैकी काहीतरी उसनं घ्यावं लागतं. राजाजींनी संस्थानिक घेतले, विजयकांतांनी जयललितांची सोबत घेतली. उसनं घेतलं की मधलेपण गेलं.

इथे आपल्याविरुद्धचीही एक बाजू मांडली पाहिजे. या राज्यात जे मोठे बदल झाले, ते मधल्या माणसाने केलेले नाहीत. राजाजींनी १९५३मध्ये मुख्यमंत्री असताना प्राथमिक शाळेचा वेळ अर्धा करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. शाळा कमी आणि मुलं फार, असं साधं व्यवहारी गणित त्यामागे होतं. पण चांभाराच्या मुलाने घरचा धंदा शिकायचा म्हणजे काय, हे त्यांना दिसलं नाही. ते पेरियारांना आणि द्रमुकच्या पोरांना दिसलं. आंदोलन पेटलं, १९५४मध्ये राजाजी गेले, कामराज आले आणि त्यांनी शाळा वाढवून मुलांच्या पानात दुपारचं जेवण वाढलं. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२मध्ये ती योजना विस्तारली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा इथे १९८९मध्येच मिळाला, महाराष्ट्रात १९९४मध्ये. हे पक्षांनी केलं. एकांगी, आरडाओरडा करणाऱ्या, आपल्याला कर्कश वाटणाऱ्या पक्षांनी केलं. आपण ज्याला समतोल म्हणतो तो पुष्कळदा आपल्या खुर्चीवरून दिसणारा देखावा असतो, हे ध्यानात ठेवून पुढे बोलू.

मग मधल्या माणसाच्या हातून काहीच झालं नाही का? झालं, आणि भरपूर झालं. पण वेगळ्या जागी.

टी. एन. शेषन घ्या. तामिळनाडू केडरचे सनदी अधिकारी, डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ मुख्य निवडणूक आयुक्त. आचारसंहिता तोवर कागदावर होती, ती त्यांनी अमलात आणली. छायाचित्राचं ओळखपत्र आणलं, खर्चाचा हिशेब मागितला, रात्रीचे भोंगे बंद केले. सगळे पक्ष त्यांच्या नावाने बोटं मोडत होते आणि तुमच्याआमच्या घरात त्यांचं नाव आदराने निघत होतं. तेच शेषन १९९७मध्ये शिवसेनेच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, १९९९मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरला अडवाणींविरुद्ध लढले, आणि दोन्हीकडे पडले. माणूस तोच. नियमाच्या बाजूने उभा होता तेव्हा सगळ्या पक्षांना भारी पडला. पक्षाच्या बाजूने उभा राहिला तेव्हा इतरांसारखा एक उमेदवार झाला.

याच ओळीत आपल्या पूर्वजांपैकी एक बसतात. सर टी. माधवराव, कुंभकोणमचे तंजावरी मराठी, त्रावणकोर, इंदूर, बडोदा इथले दिवाण. १८८७मध्ये काँग्रेसचं तिसरं अधिवेशन मद्रासला भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. पुढे थोड्याच काळात विधिमंडळाच्या रचनेवर मतभेद झाले आणि ते बाजूला झाले. पक्षाच्या इतिहासात त्यांना फार तर एक तळटीप मिळते. पण त्रावणकोरचे जुने मक्ते मोडून त्यांनी बसवलेली राज्यकारभाराची घडी त्यांच्यामागे टिकली आणि तिरुवनंतपुरमच्या भर चौकात त्यांचा पुतळा उभा आहे.

अलीकडचंही बघा. उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर जाहीर करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये ठरवलं, २००३मध्ये पक्कं केलं. मूळ याचिका अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांच्या संघटनेची होती. सर्व पक्षांनी विरोध केला होता. आज तो ‘फॉर्म २६’ आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो: स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेले, प्रत्येकाचा वेगळा रकाना, दागिने वजनासह, जमीन एकरात, खटला कलमासह. माहितीच्या अधिकाराचंही तसंच. अण्णा हजारेंच्या उपोषणांशिवाय महाराष्ट्राचा २००२चा कायदा झाला नसता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मधलेपणाला पक्षात घर मिळणार नाही, त्याचं घर नियमांत आहे. दोन्ही पक्षांना जी अट सारखीच काचते, ती मागणं हे मधल्या मतदाराचं राजकारण.

अशी अट आली की पक्षांची एकजूट पाहण्यासारखी असते. जून २०१३मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निकाल दिला. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, दोन्ही कम्युनिस्ट आणि बसप, सगळ्यांनी तो शांतपणे बाजूला सारला. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४मध्ये घटनाबाह्य ठरले. सर्वांत मोठा वाटा भाजपचा होता. द्रमुकला मिळालेल्या ६५६ कोटींपैकी ५०९ कोटी एका लॉटरी कंपनीचे निघाले. तामिळनाडूत लॉटरी २००३पासून बंद आहे! आपल्या देणगीदारांची नावं द्रमुकने निदान आयोगाला कळवली, ही नोंदही केली पाहिजे. निवडणुकीचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, असा आग्रह राजाजींनी याच शहरातून धरला होता. तो कुणीच मनावर घेतला नाही.

‘नोटा’बद्दल विचाराल म्हणून सांगतो. २०१३मध्ये तो पर्याय मिळाला. २०१९मध्ये लातूर ग्रामीणला ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता, २०२४मध्ये इंदूरला दोन लाखांच्या वर गेला. निकालावर परिणाम शून्य. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८मध्ये ठरवलं की स्थानिक निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. बटण तेच, नियमाने त्याला दात दिले.

तर आपण काय करायचं? दक्षिण चेन्नईच्या ५४ टक्क्यांकडे पक्षाचा माणूस वैतागलेला नागरिक म्हणून बघत नाही. उरलेले ४६ येणार नाहीत, असा त्याचा आकडा तयार असतो, आणि तो बरोबर निघतो. २०२२च्या पालिका निवडणुकीत तर या शहरात ४४ टक्केही मतदान झालं नाही. पाच वर्षं सभागृह नव्हतं म्हणून तक्रार करणारे आपण, ते मिळालं त्या दिवशी घरी होतो.

यापुढे उमेदवार दारात येईल तेव्हा देशाच्या भवितव्यावर त्याच्याशी वाद घालू नका. तीन गोष्टी विचारा. घटनेचं कलम २४३-यू म्हणतं की मुदत संपण्याआधी पालिकेची निवडणूक झाली पाहिजे. ती वेळेवर घ्यायला तुमचा पक्ष न्यायालयात आणि विधानसभेत काय करणार? तुमच्या पक्षाची देणग्यांची वही माहिती अधिकारात खुली करणार का? आणि २०२२च्या नियमांप्रमाणे वॉर्ड समिती आणि क्षेत्रसभा आमच्या वॉर्डात शेवटची कधी भरली, तिचं इतिवृत्त कुठे आहे? उत्तर लेखी घ्या. सोसायटीच्या, निवासी संघाच्या फलकावर सगळ्या उमेदवारांची उत्तरं शेजारी शेजारी लावा. आणि मग मत त्यावर द्या, आधी ठरवलेल्या आवडीवर नको. आपलं मत सशर्त आहे आणि अट कोणती आहे, हे दोन्हीकडच्यांना मतदानाआधी कळलं पाहिजे. मनात ठेवलेल्या अटीला राजकारणात किंमत नसते.

यात उत्साह कमी आहे, मला मान्य आहे. क्षेत्रसभेच्या इतिवृत्तावर कुणी मिरवणूक काढणार नाही. परंतु आपल्या आवडीचा पक्ष जन्माला येईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर १९५९पासून आपण थांबलेलेच आहोत. पक्ष लढोत, ते त्यांचं काम आहे आणि या राज्याचं त्यात पुष्कळ भलंही झालं आहे. त्यांनी कोणत्या नियमाखाली लढायचं, हे ठरवायला लावणं आपलं काम आहे, आणि त्यासाठी आपण बहुमतात असण्याची गरज नाही. वॉर्डात जेवढ्या फरकाने निकाल लागतो, तेवढेजण पुरेत.